खान्देशात रोड सायकलिंग: द्राक्षबागा, पाट आणि सातपुड्याचा पायथा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जळगाव, धुळे, नंदुरबार हे तीन जिल्हे आणि त्यांना लागून असलेला बागलाण या पट्ट्यात रोड सायकल चालवणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे इथे आहेत. इथली राईड किलोमीटरवर ठरत नाही. ऊन किती वाजता चढेल, पाटाला पाणी सुटले आहे का आणि शेतात कोणते काम चालू आहे, या तीन गोष्टींवर ती ठरते. म्हणून बरीच उत्तरे फिरून तिथेच येतील.

खान्देशात द्राक्षबागा आहेत कुठे? हा तर केळी-कापसाचा मुलूख.

केळी-कापसाचा आहेच. रावेर, यावल, चोपडा हा तापीच्या उत्तरेचा पट्टा केळीचा आहे आणि जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. द्राक्षे हवी असतील तर नैऋत्येला जा. पिंपळनेरहून शेलबारी घाट ओलांडला की ताहाराबाद, मुल्हेर, सटाणा हा बागलाणचा भाग लागतो. आज तो नाशिक जिल्ह्यात आहे, पण इंग्रजी अमदानीत १८६९ पर्यंत खान्देश जिल्ह्यातच होता आणि बोली अजून अहिराणीच्याच घरातली आहे. इथली द्राक्षे आगाप, म्हणजे 'अर्ली' हंगामाची. नाशिक-निफाडकडे ऑक्टोबरमध्ये छाटणी होऊन फेब्रुवारी-मार्चमध्ये माल निघतो. बागलाणात छाटणी पावसाळ्यातच उरकतात आणि नोव्हेंबर-डिसेंबरपासून खुडा सुरू होतो. बागा मालाने भरलेल्या पाहायच्या असतील तर डिसेंबर गाठा.

राईडसाठी कोणते महिने बरे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा मध्य. रस्त्याकडेची काळी माती वाळलेली असते, पाटाला पाणी असते, सकाळी थंडी असते. जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा हातमोजे आणि छातीवर वारा अडवणारे जाकीट लागते. नऊ वाजता तेच जाकीट गुंडाळून मागच्या खिशात जाते, म्हणून जाड स्वेटर घेऊ नका.

एप्रिल-मे हा वेगळाच कारभार आहे. जळगाव-भुसावळला तापमान ४५ अंशांच्या वर जाते. त्या दिवसांत पहाटे साडेचारला निघा आणि नऊच्या आत घरात या. साडेनऊला संपणारी राईड चालेल असे वाटते, पण शेवटचा अर्धा तासच अंगावर येतो, कारण तोवर डांबर तापलेले असते आणि उष्णता खालून-वरून दोन्हीकडून लागते. मे महिन्यात दुपारी राईड करून दाखवण्यात काहीही शौर्य नाही.

वाऱ्याचा काही नियम आहे का?

आहे, आणि नवखे तो हमखास विसरतात. मेपासून ऑगस्टपर्यंत तापीच्या खोऱ्यात वारा पश्चिमेकडून जोरात येतो. साक्रीच्या ब्राह्मणवेल पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. या काळात जाताना पश्चिमेकडे जा आणि येताना वारा पाठीवर घ्या. उलट केले तर थकलेल्या पायांना परतीचे सगळे अंतर वाऱ्याशी झुंजावे लागते, तेही ऊन चढत असताना. हिवाळ्यात वारा मंद असतो आणि बहुधा ईशान्य-पूर्वेकडून येतो, त्याची फार चिंता करू नका.

कोणती सायकल, कोणते टायर, हवा किती?

रोड सायकल चालते, पण २३ किंवा २५ मिलिमीटरचे टायर इथे नकोत. किमान २८, फ्रेममध्ये मावत असेल तर ३२. तालुक्याच्या रस्त्यांवर ठिगळे, न रंगवलेले गतिरोधक आणि गावाच्या तोंडाशी खडबडीत पट्टे असतात. अरुंद टायरला खड्डा लागला की ट्यूब रिमच्या दोन कडांमध्ये चिमटून दोन भोके पडतात, सापाने चावल्यासारखी.

६५ ते ७५ किलो वजनाच्या माणसाने २८ मिलिमीटरला मागे ७५ आणि पुढे ७० पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) भरावे. ३२ ला मागे ६० आणि पुढे ५५ पुरते. पाटाचा मुरूम रस्ता वाटेत असेल तर दोन्हींत ५ ते ८ ने कमी करा. उन्हाळ्यात पहाटे २८ अंशांत भरलेली हवा तापलेल्या रस्त्यावर ५० अंशांना पोचली की दाब पाच-सहा पीएसआयने वाढतो, त्यामुळे टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्यापर्यंत कधीच भरू नका. सायकल उन्हात भिंतीला टेकवून नाश्त्याला बसू नका, सावलीत लावा.

पंक्चर फारच होतात. काय करायचे?

खान्देशातले पंक्चर काचेचे कमी आणि काट्याचे जास्त. बाभळीचा काटा, वेड्या बाभळीचा काटा, बोरीचा काटा. शेताच्या कुंपणासाठी तोडलेल्या काट्या बैलगाडीतून किंवा ट्रॅक्टरमधून नेताना रस्त्यावर सांडतात, आणि सगळ्यात जास्त त्या डाव्या कडेला साचतात. म्हणून रस्ता मोकळा असेल तेव्हा अगदी कडेने चालवू नका. मोटारीचे डावे चाक जिथून जाते ती रेघ सर्वांत स्वच्छ असते. मागून गाडी आली की हात दाखवून कडेला व्हा.

ट्यूब बदलताना घाई होते ती इथे: भोक सापडले, ट्यूब बदलली, हवा भरली आणि दोन किलोमीटरवर पुन्हा चाक बसले. काटा टायरमध्येच राहिलेला असतो. बाभळीचा काटा रबरात मोडतो आणि बाहेरून दिसत नाही. टायर पूर्ण उलटा करून आतून कापडाचा बोळा फिरवा. बोट फिरवू नका, काटा त्यात घुसतो. बोळ्याचा धागा जिथे अडकेल तिथे काटा. नखाने निघत नसेल तर बारीक चिमटा लागतो, तो किटमध्ये ठेवा. ट्यूब काढण्यापूर्वी वाल्व्हची जागा टायरवरच्या छापील नावाशी जुळवून ठेवायची सवय लावा. मग ट्यूबवरच्या भोकावरून टायरमधली जागा लगेच कळते.

ट्यूबलेस असेल तर काट्यांचा त्रास नव्वद टक्के संपतो, पण आतले सीलंट (भोक बुजवणारा द्रव) इथल्या उष्णतेत लवकर वाळते. कंपनी सहा महिने म्हणत असेल तरी उन्हाळ्यात दर सहा ते आठ आठवड्यांनी टायर हलवून पाहा. आत पाणी हलल्याचा आवाज आला नाही तर सीलंट घाला, २८-३२ मिलिमीटरच्या टायरला ३० ते ४० मिलिलीटर.

गावातल्या पंक्चरवाल्याकडे काम होते का?

होते, दोन अटींवर. पहिली म्हणजे तुमचा वाल्व्ह बारीक, प्रेस्टा प्रकारचा असेल तर पितळी अडॅप्टर स्वतःजवळ हवा. दुकानाचा कॉम्प्रेसर मोटारसायकलच्या वाल्व्हचा असतो. तो अडॅप्टर २०-३० रुपयांचा असतो आणि नसला तर सगळी यंत्रसामग्री समोर असून हवा भरता येत नाही. कॉम्प्रेसरचा दट्ट्या एकदम दाबून धरू नका, एक-एक सेकंदाच्या झटक्याने भरा, कारण रोड टायरमध्ये हवा फार थोडी मावते.

दुसरी अट ट्यूबची. साध्या काळ्या रबरी ट्यूबला सोल्युशनचे ठिगळ छान बसते. नारंगी-पिवळ्या पातळ टीपीयू (प्लॅस्टिकच्या) ट्यूबला ते चिकटतच नाही. तिचे वेगळे ठिगळ येते.

आणि रोड सायकलच्या ७००सी मापाची ट्यूब तालुक्याच्या गावात मिळेल हे धरून चालू नका. मिळते ती २८ इंची साध्या सायकलची. अडीअडचणीला ती ३२ मिलिमीटरच्या टायरमध्ये सुरकुती पडू न देता बसवता येते, पण तिचा वाल्व्ह जाड असतो आणि प्रेस्टासाठी पाडलेल्या रिमच्या भोकातून जात नाही. मोटारसायकलच्या वाल्व्हसाठी भोक असलेल्या रिममध्ये जातो. तेव्हा आपल्या रिमचे भोक कोणते आहे ते घरीच पाहून ठेवा.

किटमध्ये नेमके काय हवे?

दोन ट्यूब, तीन टायर लिव्हर, ठिगळे आणि सोल्युशन (सोल्युशनची उघडलेली ट्यूब दोन महिन्यांत वाळते, सीलबंदच ठेवा), पंप, अडॅप्टर, चिमटा, मल्टीटूल, तुटलेली चेन जोडायची क्विक लिंक, आणि जुन्या टायरचा पाच सेंटिमीटरचा तुकडा. टायर फाटला तर तो आतून लावून घरी पोचता येते. याशिवाय एक गोष्ट लोक सोडतात: मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) हँगर, म्हणजे ती फ्रेमला जोडणारी पट्टी. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेतातून पऱ्हाट्या उपटून नेतात, रस्त्यावर कपाशीचे खोड पडलेले असते. ते मागच्या चाकात गेले की डिरेलर ओढून हँगर मोडतो. तो प्रत्येक सायकलचा वेगळा असतो आणि जळगाव-धुळ्यातही हमखास मिळेल असे नाही.

पाटाच्या कडेने सायकल चालवायला परवानगी असते का?

कालव्याच्या भरावावरचा रस्ता हा सार्वजनिक रस्ता नसून पाटबंधारे खात्याचा सेवारस्ता असतो. शेतकरी तो रोज वापरतात आणि सायकलवाल्याला सहसा कुणी हटकत नाही. पण जिथे फाटक बंद आहे किंवा मनाईचा फलक आहे तिथून परत फिरा. पाटकरी किंवा खात्याचा माणूस थांबवील तर वाद घालू नका. फुटलेला पाट, चोरीचे पाणी, रात्रीची राखण या गोष्टी त्याच्या डोक्यावर असतात आणि अनोळखी माणूस त्याला प्रथम संशयितच वाटतो. 'राम राम काका' म्हणून कुठून कुठे चाललो ते सांगितले की बहुतेक वेळा पुढचा रस्ता तोच समजावून सांगतो.

ओळखीचे कालवे असे: हतनूर धरणाचा उजवा कालवा यावल-चोपडा तालुक्यांतून जातो. गिरणा धरणाखाली पांझण डावा कालवा आहे, आणि चाळीसगाव तालुक्यातल्या जामदा बंधाऱ्यातून जामदा डावा आणि उजवा कालवा निघतो. पांझरेच्या काठी साक्री-धुळ्याकडे फड बागायतीचे जुने पाट आहेत. लहान बंधारे, त्यातून गुरुत्वाने चालणारे पाणी आणि गावकऱ्यांनीच पाळी लावून वाटून घेतलेली शेते अशी ती शेकडो वर्षांची व्यवस्था आहे. त्या पाटांच्या कडेला सायकल चालवण्यासारखा रस्ता नाही, पण सायकल उभी करून पाहण्यासारखे ते नक्की आहेत.

पाटाच्या रस्त्यावर काय बिघडते?

बरेच काही. भराव मुरुमाचा असला तरी त्याच्या कडा काळ्या मातीच्या असतात, आणि पाझर लागला की त्या आतून पोकळ होतात. वरून कोरडी दिसणारी कड चाकाखाली ढासळते. मधल्या दोन चाकोऱ्यांपैकी पाण्यापासून लांबची चाकोरी धरा. चाकोऱ्यांच्या मधल्या गवतात विमोचकाचे (शेताला पाणी सोडायच्या दाराचे) दगड आणि सिमेंटची कड लपलेली असते.

चाऱ्या, म्हणजे पाटाचे लहान फाटे, जिथे रस्ता ओलांडतात तिथे शेतकरी पाइप टाकून वर माती लोटतात. त्या उंचवट्यावर वेगात गेलात तर पुढचे चाक थेट पाइपावर आपटते. १५ किलोमीटर प्रतितास हा या रस्त्याचा सभ्य वेग आहे.

पाण्यात उतरू नका. अस्तर केलेल्या कालव्याची बाजू तिरकी आणि शेवाळलेली असते. माणूस आत गेला की पायाला पकड मिळत नाही, आणि चांगला पोहणाराही वाहत पुढच्या पुलापर्यंत जातो. बाटली भरायला वाकू नका, पाय धुवायला बसू नका. शिवाय ते पाणी पिण्याचे नाही, शेतांतले खत-औषध त्यात उतरलेले असते.

पाटाचे आवर्तन (पाळीने सोडलेले पाणी) कधी सुटते ते कसे कळेल?

रब्बीची आवर्तने साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मार्चपर्यंत असतात; तारखा धरणातला साठा पाहून कालवा सल्लागार समिती ठरवते आणि स्थानिक वर्तमानपत्रांत बातमी येते. सोपा उपाय म्हणजे वाटेतल्या चहाच्या टपरीवर विचारणे. आवर्तन सुटल्यानंतरचे पहिले तीन-चार दिवस पाटरस्ता टाळा: शेतकऱ्यांची वर्दळ असते, पाझराने चिखल होतो, मोटारसायकली उलट्यासुलट्या येतात. आवर्तन मधल्या टप्प्यात असले की सकाळचा तोच रस्ता सुखाचा असतो.

द्राक्षबागांमधून जाताना फवारणीचा त्रास होतो का?

होतो, आणि हे हलक्यात घेऊ नका. द्राक्षाला डाऊनी, भुरी या बुरशीच्या रोगांसाठी सतत फवारण्या लागतात. ट्रॅक्टरच्या मागे लावलेला ब्लोअर औषधाचा धुरळा ओळीच्या पार बाहेर फेकतो. वारा कमी असतो म्हणून सकाळी लवकर आणि संध्याकाळी फवारतात, म्हणजे नेमके आपल्याच वेळेत. ब्लोअरचा आवाज आला आणि बाग रस्त्याला लागून असेल तर वारा जिकडून येतो त्या बाजूला थांबा. ट्रॅक्टर ओळीच्या दुसऱ्या टोकाला वळला की निघा. दोन-तीन मिनिटांचा प्रश्न असतो. तोंडाला झाकण असलेलीच बाटली घ्या. अंगावर धुरळा आला तर पुढच्या थांब्यावर हात-तोंड साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नका.

रस्त्याकडेचा घड तोडून खाणे हा दुसरा मुद्दा. एक तर ती चोरी आहे, दुसरे म्हणजे औषध मारून किती दिवस झाले ते तुम्हाला माहीत नाही. शेतकऱ्याला विचारा, बहुतेकदा तोच पॅकिंगमधून सुटलेली द्राक्षे ओंजळभर देतो.

पहिल्यांदा येणाऱ्याने कोणता मार्ग घ्यावा?

भुसावळहून यावल, तिथून फैजपूर आणि आमोद्यावरून परत भुसावळ. पन्नासच्या आसपास किलोमीटर, जवळपास सपाट, दोन्ही बाजूंना केळी आणि उत्तरेला सातपुड्याची भिंत. फैजपूर म्हणजे १९३६ साली काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन झाले ते गाव. यावल-फैजपूर हा तुकडा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्गाचा आहे, त्यामुळे तिथे ट्रक असतात. सावदा-रावेरकडे केळीची भरणी चालू असेल तर ट्रक रस्त्याला अर्धे लागलेले असतात. दार उघडेल, हमाल खाली उतरेल हे गृहीत धरून एक मीटर अंतर ठेवा. घड कापल्यावर टाकलेली पाने आणि खोडाचे तुकडे ओले असले की विलक्षण घसरतात. त्यांच्यावर ब्रेक किंवा वळण नको, सरळ निघून जा. केळीचा चीक कपड्याला लागला तर डाग जन्माचा.

पायथ्याचे जंगल पाहायचे आहे, पण मोठा घाट नको.

दोन पर्याय. सावद्याहून खिरोद्यामार्गे पाल: चढ आहे पण जीव काढणारा नाही, आणि सुकी धरणाचा परिसर वाटेत येतो. हा भाग १९६९ पासून अभयारण्य असलेल्या यावल जंगलाचा आहे. दुसरा पर्याय चाळीसगावहून पाटणादेवी, जायचे सुमारे १८ किलोमीटर. शेवटचा टप्पा गौताळा औट्रम घाट अभयारण्यात आहे, वनखात्याचा नाका लागतो, तिथली वेळ आणि शुल्क पाळा. पाटणच्या मंदिरात भास्कराचार्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे; गणिताची आवड असलेल्यांनी अर्धा तास जास्त ठेवावा. आमच्या मते एका सकाळीत बसणारा खान्देशातला हा सर्वांत चांगला मार्ग आहे. मात्र चाळीसगाव-कन्नड औट्रम घाट त्याला जोडायचा मोह टाळा, तिथली वाहतूक सायकलची नाही.

मनुदेवी आणि अडावदजवळचे उनपदेवचे गरम पाण्याचे कुंड ही ठिकाणेही याच पायथ्याला आहेत. दोन्हींसाठी मुख्य रस्ता सोडून उत्तरेला वळावे लागते.

तोरणमाळला रोड सायकलने जाता येते का? गिअर कोणते हवेत?

येते. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर मार्गे सुमारे ५५ किलोमीटर. तोरणमाळ सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे, म्हणजे शहाद्यापासून जवळजवळ हजार मीटर वर चढायचे. पहिला अर्धा भाग फसवा सोपा आहे, खरी चढाई नंतर आणि सातपायऱ्या घाटात. लोक हरतात ते घाटामुळे कमी आणि म्हसावदपर्यंत गटात जोर लावून आल्यामुळे जास्त. राणीपूरपर्यंत इतकेच दामटा की बोलताना धाप लागणार नाही.

पुढे ५०/३४ आणि मागे ११-३४ दातांच्या चक्रांचा संच असावा. ३४ वर ३४ लावून मिनिटाला पेडलच्या ६० फेऱ्या मारल्या तर वेग साडेसात किलोमीटरच्या आसपास राहतो. घाटात तोच वेग खरा. मागे २८ च असेल तर त्याच फेऱ्यांना नऊच्या वर वेग ठेवावा लागतो. तो जमला नाही की फेऱ्या ४५ वर येतात आणि गुडघे दुखू लागतात. घाटातल्या वळणाची आतली बाजू फार उभी असते. समोरचा रस्ता लांबवर मोकळा दिसत असेल तर वळण रुंद घ्या, नाहीतर आतच राहून उभे राहून पेडल मारा. गिअर वळणाआधी हलका करा. जोर लावून धरलेला असताना बदलला तर चेन उडते.

निघायची वेळ पहाटे पाच-साडेपाच, पुढचा-मागचा दिवा लावून. राणीपूरनंतर दुकान आणि मोबाइलची रेंज यांचा भरवसा धरू नका. वर यशवंत तलाव आहे, राहायची सोय आहे. पहिल्या वेळी त्याच दिवशी परतू नका.

उतरताना ब्रेक तापतात. काय करू?

सतत हलका ब्रेक धरून ठेवणे हीच चूक. वेग वाढू द्या, वळणाआधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक ठामपणे दाबा, वेग पुरेसा उतरला की सोडा. सोडलेल्या काळात हवा लागून ब्रेक थंड होतो. रिम ब्रेक असेल तर हे जास्तच महत्त्वाचे, कारण तापलेल्या रिममुळे ट्यूबचे ठिगळ सुटते. कार्बन रिम आणि रिम ब्रेक ही जोडी घेऊन हा घाट उतरू नका. निघण्याआधी ब्रेक पॅड पाहा: डिस्कच्या पॅडवरचा थर एक मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर बदला. वळणावर खडी, शेण आणि बकऱ्या या तिन्ही गोष्टी असतातच.

पाणी आणि खाणे किती?

हिवाळ्यात तासाला अर्धा लिटर, मार्चनंतर पाऊण ते एक लिटर. ७५० मिलिलीटरच्या दोन बाटल्या, एकीत साधे पाणी आणि दुसरीत मीठ-साखरेचे. घरगुती प्रमाण: एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. नुसते साधे पाणी लिटरवारी पिऊन डोके दुखणे, मळमळणे सुरू झाले तर मीठ कमी पडले आहे असे समजा आणि आणखी साधे पाणी ओतू नका.

तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके लागतात. एका मध्यम केळात साधारण २५ ग्रॅम असतात, म्हणजे तासाला दोन केळी. केळीच्या मुलखात जेल विकत घेणे म्हणजे निव्वळ हौस. खिशात राजगिऱ्याचा लाडू किंवा दशमीचा तुकडा बरा. शेवभाजी आणि भरीत-कळण्याची भाकरी राईड संपल्यावर. घाटाआधी तिखट तर्री पोटात गेली की तिचा हिशेब चढावर द्यावा लागतो.

सोबतचा माणूस उन्हात असंबद्ध बोलू लागला, अंग तापलेले लागले किंवा घाम येणे थांबले, तर तो उष्माघात समजा: सावली, अंगावर पाणी, वारा आणि १०८ ला फोन. 'जरा बसू दे, होईल बरा' असे म्हणत थांबू नका.

जंगलात प्राण्यांची भीती किती?

बिबट्या दिसण्यापेक्षा कुत्रे मागे लागण्याची शक्यता शंभरपट. कुत्रा आला की उतरा, सायकल मध्ये धरा आणि चालत निघा. तो बहुतेक वेळा वेगाच्याच मागे असतो. वानरांसमोर खाऊ काढू नका. अस्वलासाठी नियम एकच: पहाटे अंधारात आणि तिन्हीसांजेनंतर अभयारण्यातल्या रस्त्यावर एकटे राहू नका. कड्यांवर आग्यामोहोळ असते, तिथे अत्तर, धूर, आरडाओरड नको.

कोणते दिवस टाळावेत?

होळीआधीच्या आठवड्यात सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरतात. गावोगावचे पावरा, भिल्ल लोक ढोल घेऊन रस्त्यावर असतात. बघायला जरूर जा, पण वेगात राईड करायला नाही. चैत्र पौर्णिमेआधी खान्देशातून वणीच्या सप्तशृंगीला पायी जाणाऱ्यांच्या रांगा रात्रंदिवस चालतात, सटाण्याकडचे रस्ते तेव्हा त्यांचे असतात. दत्तजयंतीच्या सुमारास सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा, तेव्हा शहादा-दोंडाईचा रस्ता सोडा. शिवाय प्रत्येक गावचा आठवडी बाजार. दिवाळीनंतर मका आणि ज्वारी डांबरावर वाळत घातलेली असते. त्यावरून चाक नेऊ नका. दाणे घसरतात हे एक, आणि ते कुणाचे तरी वर्षाचे धान्य आहे.

ऊस आणि कापसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवा असेलच असे नाही, म्हणून अंधारात महामार्ग नको. धुळे-सुरत रस्त्यावरचा कोंडाईबारी आणि पिंपळनेर-नवापूरचा चरणमाळ हे घाट दिवसाही सांभाळून.

पावसाळ्यात?

डांबर सोडू नका. काळी माती एकदा चाकाला लागली की चाक आणि फ्रेमच्या मधे घट्ट बसते आणि चाक फिरतच नाही. मडगार्ड असेल तर आधी तेच जाम होते. अडकलात तर काडीने माती काढून सायकल उचलूनच रस्त्यावर आणा. ढकलली तर आणखी भरते. सातपुड्यातून येणाऱ्या नद्यांच्या फरशीपुलावरून पाणी वाहत असेल तर घोटाभर दिसले तरी थांबा. डोंगरात पाऊस पडून इथे ऊन असतानाही लोंढा येतो.

महिलांनी एकटीने राईड करावी का?

मुख्य रस्त्याच्या सकाळच्या राईड अनेक जणी करतात. अडचण बहुतेकदा स्वच्छतागृहाची असते: महामार्गावरचे मोठे पेट्रोल पंप आणि एसटी स्थानके धरून टप्पे ठरवा. पाटरस्ता आणि जंगलातले फाटे मात्र दोघी-तिघींनी करावेत, आणि हा सल्ला पुरुषांनाही तेवढाच लागू आहे, कारण पडल्यावर उचलायला कुणीतरी लागते. 'कथा चालना भो?' (कुठे चाललास, भाऊ?) किंवा 'कुठे चालली ताई?' असे वाटेत दहा जण विचारतील. ती चौकशी असते, उत्तर देऊन पुढे निघा. मदतीसाठी ११२.

सायकल रेल्वेने कशी आणायची?

भुसावळ, जळगाव, चाळीसगाव ही मुख्य मार्गावरची स्थानके. शहादा-तोरणमाळसाठी सुरत-भुसावळ मार्गावरचे नंदुरबार. सबंध सायकल ब्रेकव्हॅनमधून पाठवायची तर पार्सल कार्यालयात गाडीच्या किमान दोन तास आधी जा, ओळखपत्र आणि तिकीट घेऊन. सायकलीवर नाव, स्थानक आणि फोन नंबर लिहिलेला पुठ्ठा दोन ठिकाणी बांधा. गाडी ज्या स्थानकावर जेमतेम दोन मिनिटे थांबते तिथे सायकल उतरवण्याचे ठरवू नका. ती पुढे निघून जाते.

दोन्ही चाके काढून पिशवीत भरली तर सायकल बर्थखाली किंवा दारामागे मावते. मागचा डिरेलर सोडवून फ्रेमच्या आत बांधा, पुढच्या फोर्कच्या टोकांमध्ये पुठ्ठा किंवा लाकडी तुकडा घाला, डिस्क ब्रेक असेल तर पॅडमध्ये जाड कागद सरकवा. चाक नसताना चुकून ब्रेक दाबला गेला तर पिस्टन बाहेर येतात आणि चाक बसेनासे होते. तसे झालेच तर टायर लिव्हरच्या चपट्या टोकाने पॅड हळूहळू मागे लोटा.